फिर्मँचं चाक

आमच्या तळघरात चीजची तीन मोठी गोल चाकं होती. त्यातली दोन, बाबांचं आणि माझं, दर वर्षी दोन-तीन औंसांनी हलकी होत. चीज सुकतं, वजन घटतं. त्यात नवल नाही. तिसरं मात्र अकरा वर्षं चौदा पौंड सहा औंसांवरच होतं. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते, दर नाताळात तिन्हींचं वजन करते. काटा दोनदा बदलून पाहिला.

ते माझ्या भावाचं, फिर्मँचं चाक. आजोबा स्वित्झर्लंडच्या डोंगरातून विस्कॉन्सिनला आले, ते ही रीत घेऊनच. मूल जन्मलं की त्याच्या नावाचं एक चाक करायचं, दर शनिवारी मिठाच्या पाण्याने पुसून उलटायचं आणि त्या माणसाच्या दफनानंतरच्या जेवणात कापायचं. फिर्मँ अकरा वर्षांपूर्वी कोरियाच्या लढाईत बेपत्ता झाला. बाबांनी चाक कापू दिलं नाही. म्हणून चर्चमध्ये प्रार्थना नाही, कबरीच्या दगडावर नाव नाही.

"बाझील, पोराचं चाक उंदरांसाठी ठेवलंयस का?" सेलेस्टीन आत्या दर ईस्टरला विचारायची.

"तुझं आधी कापू, मग बघू," बाबा म्हणायचे.

यंदा मार्चमध्ये बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि शनिवारचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच शनिवारी दुपारी खाली गेले, तर फिर्मँचं चाक ओलं होतं. मी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली केली, पायऱ्यांवर पीठ भुरभुरलं, दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली.

पुढच्या शनिवारी पीठ जसंच्या तसं होतं. फुली खालच्या बाजूला गेली होती.

सालीवर फडक्याचे ओले फराटे होते. बाबा आणि मी उजव्या हाताने पुसतो. आमचे फराटे उजवीकडे वळतात. हे डावीकडे वळले होते. घरात डावखुरा एकच होता.

त्यानंतरच्या शनिवारी मी खाली गेलेच नाही. बाबांसमोर बसले.

"फिर्मँचं चाक तुम्ही कोणत्या हाताने पुसायचात?"

बाबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "तो गेल्यापासून मी पुसलंच नाही. जाऊन बघावं तर ओलंच असायचं. मला वाटायचं, तू पुसतेस."

"मी नाही, बाबा."



"एकदा शनिवार चुकवला म्हणून मी त्याला पट्ट्याने मारलं होतं, ओडील. नऊ वर्षांचा होता. पुन्हा कधी चुकवणार नाही म्हणाला."

खाली फळीवर जड काहीतरी उलटलं.

किल्ली माझ्या गळ्यात होती.

 बाबांचा आवाज स्थिर होता.

"दमला असेल गं पोरगा," ते म्हणाले. "पाद्रीबाबांना कळव. उद्या फिर्मँचं चाक कापायचं."