विसावी थाळी

आरमोरीच्या अंधशाळेत चालते डोळे दोनच होते, तेही चष्म्याआडचे. ते दादाजी मास्तरांचे. मुलं आंधळी, स्वयंपाकीण सुगंधाबाईचे डोळे लहानपणीच देवीनं नेलेले, आणि शिपायाची जागा मंजूर असली तरी शिपाई अजून कोणाच्या नजरेस पडला नव्हता. शाळा भरायची ती जंगलखात्यानं टाकून दिलेल्या लाकडाच्या गोदामात. पावसाळा सरला तरी भिंतींना ओल्या सालीचा वास यायचा.

साल सत्तावन्न. चांदा जिल्हा नव्या राज्यात गेला, फायली नागपूरहून मुंबईला गेल्या, आणि तिथं कोणाला तरी शोध लागला की आरमोरीला आंधळी मुलं शिकतात. लगोलग नियम आला : वीस मुलं नसतील तर शाळा बंद. मोजायला मुंबईचे साहेब येणार होते. मुलं होती एकोणीस. विसावा वारलू, त्याला बाप उन्हाळ्यातच घरी घेऊन गेला होता. "आंधळ्याले शिकवून का तहसीलदार करता, गुरुजी?" असं विचारून. पण शाळा बंद पडली की लहानग्या झिंगूचा काका त्याला पुन्हा जत्रेत टोपलं देऊन भीक मागायला बसवणार, एवढं दादाजींना ठाऊक होतं. बाकीच्यांचंही तेच, काका तेवढे वेगळे.

जेवणाची एक रीत होती. सुगंधाबाई भाताचा गंज घेऊन ओळीनं जायची. पोरानं थाळीच्या काठावर टिचकी मारायची, की तिथं भात पडायचा. बोटांनी वाचणाऱ्याला नखं वाढवून चालत नाही. दर शनिवारी दादाजी स्वतः सगळ्यांची कापत. त्यामुळे टिचकीचा आवाज बोथट यायचा. पाहुणा आला तर त्याच्याही डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला ओळीत बसवत. पाहुण्यांना ते फार आवडायचं. आंधळ्यांचं दुःख कळलं म्हणत, पट्टी सोडत आणि गाडीत बसत.

याच रीतीवर दादाजींनी बेत रचला. ओळीच्या शेवटी झिंगू, त्याच्या पलीकडे रिकामी थाळी. झिंगूनं आपली वाजवायची, मग हात लांब करून तीही वाजवायची. पट्टी बांधलेले साहेब टिचक्या मोजतील.

तालीम झाली. साहेबांना कसं ऐकू येईल ते कळावं म्हणून दादाजींनी डोळे मिटले. टिचक्या एकेक करत टोकाला गेल्या. शेवटची जरा उशिरा आली, बारीक, टोकदार.

"शाब्बास, झिंगू!"

"मी तं इसरलोच, गुरुजी. मी येकच वाजवली."

पोरं खिदळली. दादाजीही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवले. झिंगूचे दोन्ही हात मांडीवर होते. पलीकडची थाळी वाजली. सुगंधाबाईनं भात वाढला.

"वारलू आला का रे?" दादाजींनी हळूच विचारलं.

"नाई जी. वारलू डावखोरा. ह्यानं उजव्यानं वाजवली."

"मग कोण आहे?"

"बोलत नाई थो. जेवून राह्यला."

"जेवू द्या नं, गुरुजी," सुगंधाबाई म्हणाली. "तुमालेच तं येक कमी पडून राह्यला होता."

दादाजी बी.ए. होते, तेही तर्कशास्त्र घेऊन. थाळी रिकामी झाल्यावर त्यांनी ठरवलं की उंदीर असावा. उंदराला थाळी वाजवता येते का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

साहेब आले. त्यांना मानानं ओळीच्या अगदी शेवटी, विसाव्या थाळीच्या शेजारी बसवलं. पट्टी बांधली. साहेबांच्या आधी वीस टिचक्या वाजल्या. जेवण होऊन पट्टी सुटली तोवर पोरं हात धुवायला पांगली होती.

"वीस भरले," साहेब म्हणाले. "शाळा चालू राहील."

जीपपाशी ते मनगट चोळत थांबले. "शेजारच्या पोरानं सगळं जेवण होईस्तोवर माझा हात धरून ठेवला होता हो. गरीब आहे बिचारं. पण मास्तर, त्याची नखं कापा."

मनगटावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.

शनिवारी सकाळी दादाजी कात्री घेऊन बसले. ओळ संपली. झिंगूच्या करंगळीचं नख कापून ते उठायला लागले.

"गुरुजी, ह्याची राह्यली नं."

दादाजींनी पाहिलं. शेणानं सारवलेली जमीन. त्यावर उन्हाचा एक तुकडा.

"कवाचा हात पुढं करून बसला हाये थो."

त्यांनी झिंगूकडे पाहिलं. त्याच्या गुडघ्यांकडे. जत्रेत टोपलं ज्यांच्यापुढे असायचं ते गुडघे.

ते परत खाली बसले.

प्रत्येक पोरापुढे करत तसा डावा तळहात त्यांनी पुढे केला. थोड्या वेळानं त्यावर वजन आलं. ओल्या सालीसारखं गार.

त्यांनी कात्री चालवली.

काहीतरी वाजून जमिनीवर पडलं. पिवळट, वाकडं, बोटाएवढं लांब. मग दुसरं. मग तिसरं. पाचही झाली.

"आता दुसरा हात," दादाजी म्हणाले.