रोहिणी गोरी कशी झाली

"ढग देऊ, का गोरी?"

काउंटरमागच्या तरुणानं मान वर न करता विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. नाशिकच्या मेन रोडवरच्या त्या फोटो स्टुडिओत मी कॅमेऱ्याला लावायची पिवळी काच मागायला आले होते, माझ्या रंगावर शेरा ऐकायला नव्हे. तो घरी फुकट मिळत होता. फुलमळा करणाऱ्या माझ्या बापानं हौसेनं नाव ठेवलं जाई, आणि मी निघाले पिकल्या जांभळासारखी. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे.

"गोरी म्हणजे?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

त्यानं वर पाहिलं. पाहिलं आणि... पाहतच राहिला. मग दचकून चामड्याची दोन छोटी पाकिटं पुढं सरकवली. एकावर शाईनं 'ढग' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'गोरी'. ही नावं आपल्या वडिलांनी ठेवलेली, असं तो म्हणाला. पिवळी काच लावली की फोटोत निळं आभाळ गडद होतं आणि ढग उठून दिसतात, म्हणून ती ढग. नारिंगी लावली की सावळी मुलगी उजळते, म्हणून ती गोरी. लग्नाच्या मुलींचे फोटो ह्या दुसरीतूनच निघायचे.

"सगळ्यांचे?"

"मुलीची आई बरोबर असते ना," तो म्हणाला.

मला हसायचं नव्हतं. पण हसले.

त्याचं नाव वाल्मीक. मी कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर. ऐंशी साल संपून एक्याऐंशी लागत होतं, हवेत छान गारठा होता, आणि माझ्या डोक्यात एकच वेड होतं. मोठी दुर्बीण नसली तरी साध्या कॅमेऱ्यानं ताऱ्याचा रंग मोजता येतो, हे मला पुण्याला भरणाऱ्या खगोलशास्त्राच्या सभेत दाखवून द्यायचं होतं. तोच तारा एकदा निळ्या काचेतून टिपायचा, एकदा पिवळ्या. फोकस थोडा ढळू द्यायचा, म्हणजे फिल्मवर ठिपक्याऐवजी वाटोळा डाग पडतो, आणि जितका तारा तेजस्वी तितका निगेटिव्हवरचा डाग काळा. दोन डागांतला फरक म्हणजे ताऱ्याचा रंग, आणि रंगावरून कळतं तो किती तापलेला आहे. सगळा खेळ काचेच्या निवडीवर. पिवळी नेमकी हवी, कारण आपला डोळा तारा जसा पाहतो त्याच्या जवळपास तीच पाहते.

हे सगळं मी वाल्मीकला काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं मधे एकदाही जांभई दिली नाही. उलट आतून तिसरं पाकीट आणलं. त्यावर लिहिलं होतं 'बल्ब', कारण बल्बच्या उजेडात रंगीत फोटो काढताना निळी काच लागते. भाडं विचारलं तर म्हणाला, भाडं नको, पण तारे बघायला येऊ का?

तो मखमलाबादला आमच्या मळ्यावर येऊ लागला. दिवेलागण झाली की सायकल बांधाला लावायचा आणि कॅमेऱ्याचं स्टँड खांद्यावर घेऊन शेवंतीच्या वाफ्यांमधून जपून चालायचा. आई ओट्यावर हार ओवत बसायची, एक डोळा सुईवर आणि एक आमच्यावर. फुलबाजारात गजरे विकणाऱ्या विमलाबाईचा हा मुलगा, हे कळल्यावर तिनं त्याला चहा द्यायला सुरुवात केली. चहा मिळाला म्हणजे आमच्याकडे माणूस निम्मा पास झाला.

अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून मी टॉर्चला लाल कागद गुंडाळायची. त्या मिणमिणत्या लाल उजेडात तो काच माझ्या हातात द्यायचा, आणि आमची बोटं... काच नाजूक असते, ती घाईनं सोडता येत नाही.

"रोहिणी कुठली?" तो विचारायचा.

"ती बघा. तांबूस."

"कुठं तांबूस? मला तर नाही दिसत."

"तुमचं लक्ष वर आहे का पण?"

"नाही," तो म्हणायचा. "ते मात्र नाही."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना निफाडहून धोंडाआत्या आली. ही आप्पांची मोठी बहीण, आणि ती कधी रिकाम्या हातानं येत नाही. ह्या वेळी तिनं स्थळ आणलं. द्राक्षांचा मोठा बाग, एकुलता एक मुलगा. त्यांची अट एकच, लग्नानंतर सुनेनं नोकरी करायची नाही. कॉलेज बंद, प्रयोगशाळा बंद, तारे बंद. मी जेवले नाही. आप्पांनी ते पाहिलं. माझा बाप कमी बोलतो, पण पुंजारामनं शब्द दिला की फुलबाजारात कुणी पावती मागत नाही. ते म्हणाले, "त्या पुण्याच्या सभेला जातीस ना? तिथल्या मोठ्या लोकांनी तुझं काम मान्य केलं, तर तुझ्या मनासारखं. नाय केलं, तर निफाड. हा माझा शब्द."

फोटो मात्र लगेच हवा होता. आत्या मला घेऊन थेट वाल्मीकच्याच स्टुडिओत गेली.

"त्या गोऱ्या काचातून काढ रं बाबा," तिनं फर्मावलं. "लय उजळली तरी चालंल."

त्यानं तिच्या देखत 'गोरी' लिहिलेल्या पाकिटातून काच काढली. मग पाठमोरा होऊन कॅमेऱ्याशी बराच वेळ खटपट करत राहिला. मी स्टुलावर बसले होते, आत्याच्या मोत्याच्या कुड्या घालून, जत्रेतल्या बाहुलीसारखी. मला वाईट वाटत होतं ते फोटोचं नव्हे. हा माणूस, ज्यानं मला कधी वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही, तोच आता मला उजळणार होता, ह्याचं. त्यानं मान वर करायला सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी मी मुकाट्यानं ढगाचं आणि बल्बचं पाकीट घेऊन मळ्यावर आले आणि एकटीनंच शेवटचे फोटो काढले.

फोटो आत्यानं पाकिटातून न काढताच निफाडला पोचवला. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण ते ती कबूल करत नाही. आठवड्यात निरोप आला, मुलगी पसंत.

आणि इकडे माझे आकडे बिघडले.

नेहमी शहाण्यासारखी वागणारी रोहिणी पिवळ्या काचेतून प्रमाणाबाहेर झगझगीत आली होती. तिच्या शेजारच्या निळसर कृत्तिका मात्र जवळजवळ बुजल्या होत्या. हे घेऊन पुण्यात उभी राहिले असते, तर लोकांनी हसून घरी पाठवलं असतं. मी फिल्मला दोष दिला, धुण्याच्या औषधाला दिला, स्वतःला तर दिलाच. रडूनही झालं. मग डोळे पुसून विचार केला. तांबडे तारे उजळले, निळे काळवंडले. म्हणजे काच तांबड्याकडे झुकणारी असली पाहिजे... मी 'ढग' लिहिलेलं पाकीट उघडून काच खिडकीतल्या उन्हात धरली.

काच नारिंगी होती. लाल टॉर्चच्या उजेडात पिवळी काय आणि नारिंगी काय, सारखीच दिसते.

गोरी जर ह्या पाकिटात होती, तर त्या दुपारी माझा फोटो कशातून निघाला? मी खुर्चीत बसले. हळूहळू सगळा उलगडा होत गेला आणि माझे कान तापले.

तशीच स्टुडिओत गेले. नारिंगी काच काउंटरवर ठेवली.

"माझी रोहिणी गोरी झाली," मी म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं. त्याचा चेहरा उतरला.

"माझा फोटो कुठल्या काचेतून काढलात?"

"ढगातून." तो काउंटरवरची नसलेली धूळ पुसू लागला. "गोरी लावायला घेतली होती, पण हात उठेना. आजवर इतक्या मुली उजळल्या. तुम्ही समोर बसलात आणि... ह्यात उजळायचं काय आहे, तेच कळेना. मग आत्याबाईंना दिसू नये म्हणून ती ढगाच्या पाकिटात सारली. नंतर विसरलो. त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं."

मी काउंटरवरची नारिंगी काच उलटसुलट करत राहिले.

"शिवाय," तो आणखी हळू म्हणाला, "वाटलं, खरा फोटो गेला तर निफाडवाले नाही म्हणतील."

"ते हो म्हणाले."

"हो. तिथं माझं गणित चुकलं. तुम्ही अशाच छान दिसता हे मला कळलं, तसं त्यांनाही कळेल, हे ध्यानातच आलं नाही."

मला हसूही आलं आणि रडूही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला मी आहे तशी पुरे वाटले होते. मी त्याच्यावर प्रेम करते हे मला त्या काउंटरशी उभी असताना कळलं, अगदी स्वच्छ. ते त्याला सांगितलं मात्र नाही. मी म्हणाले, पुण्याला जायला दोन संध्याकाळी उरल्या आहेत आणि मला खरी पिवळी काच हवी आहे.

पहिली संध्याकाळ आभाळानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढग तसेच. वाल्मीक बांधावर बसून आकाशाकडे असा रोखून बघत होता की आईनं त्याला दोनदा चहा दिला. दिवेलागणीला वारा सुटला आणि डोक्यावरचं आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. आम्ही लगेच कामाला लागलो. तो काच देत होता, मी घेत होते. रोहिणी, कृत्तिका, काक्षी, व्याध... एकही तारा चुकला नाही. फिल्म त्यानं घरी जाऊन लगेच धुतली आणि सकाळी निगेटिव्ह माझ्या हातात ठेवल्या. रोहिणी ताळ्यावर आली होती.

पुण्याच्या सभागृहात मी साडीच्या निऱ्या सावरत उभी राहिले. मी बरोबर आलेले आकडे दाखवले. आणि ऐनवेळी काय वाटलं कोण जाणे, बिघडलेलेही दाखवले. चुकीची काच लागली तर तारे आपण होऊन चुगली कशी करतात, हे सांगितलं. पुढच्या रांगेतले पांढऱ्या केसांचे प्राध्यापक पुढं वाकून ऐकू लागले. लहान कॉलेजांना हीच तर अडचण येते, ते म्हणाले, काच खरी का खोटी हे कळत नाही. हा निबंध छापायचा आणि पुढच्या वर्षी इतर कॉलेजांना ही पद्धत शिकवायला मलाच बोलवायचं, असं तिथल्या तिथं ठरलं. सभागृह टाळ्या वाजवत होतं, आणि मी, पुंजाराम फुलवाल्याची काळी पोरगी, मान वर करून उभी होते.

परतीची बस नाशिकला भर दुपारी पोचली. स्टँडवर आप्पा उभे होते, आणि त्यांच्यापासून चार हात लांब वाल्मीक.

"हा सकाळधरनं हितंच हाय," आप्पा म्हणाले. "इचारलं, कोणाची वाट बघतो? तर म्हणतो, गाड्यांच्या वेळा बघतोय." मग त्यांचा आवाज खाली आला. "काय झालं पोरी?"

"मान्य केलं, आप्पा. छापणार आहेत. शिकवायलाही बोलावलंय."

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. उपरण्यानं डोळे टिपले. "निफाडला आजच सांगावा धाडतो," ते म्हणाले. "बोल आता. काय हाय तुझ्या मनात?"

"नोकरी सोडायची नाही. तारे सोडायचे नाहीत."

"आन?"

मी चार हात लांब पाहिलं. वाल्मीक गाड्यांच्या वेळांचा फलक पाठ करत होता.

"आणि हा," मी म्हणाले.

आप्पांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "त्याला इचारलंस का?"

इचारलं नव्हतं. मी पुढं झाले.

"वाल्मीक, तू काय म्हणतोस?"

तो 'तू' ऐकूनच त्याचा निम्मा जीव गेला असावा. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मी... हो. म्हणजे... कधीचाच हो."

कंडक्टर सिन्नर, सिन्नर ओरडत होता, हमाल वाट मागत होते, आप्पा तोंड फिरवून हसत होते. मी सगळ्या स्टँडसमोर त्याचा हात धरला. भर उन्हात.