नरहरीची शिलाई

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. बरं, अगदी शब्दन् शब्द नाही. एक जागा मी रचलीय. कुठली, ते शेवटी सांगतो.

रविवारी दुपारी मी म्हैसूरच्या आमच्या ऑफिसात गेलो तो फक्त एक मोजणी करायला. नरहरीनं लिहिलेलं हॅश फंक्शन कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभाऱ्यात, जायचं होतं. हॅश म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसा. केवढीही फाइल द्या, ते कुटून एवढासा ठसा काढतं. मजकुराचा अर्थ त्याला कळत नाही, कळायचाही नसतो. कर्नेलात तयार हॅश असतं, कुठल्याही प्रोसेसरला होईल असं, ढगळ. नरहरी शिंप्याच्या घरातला. त्यानं एका प्रोसेसरचं माप घेऊन नवं बेतलं, चौपट वेगवान. ते पुरं झालं आणि आठवड्याच्या आत नंजनगूडच्या रस्त्यावर अपघातात तो गेला.

त्याची बायको लावण्या आमच्याकडेच टेस्टिंगला. माझ्याआधी येऊन बसली होती.

"पाचपर्यंत पास झालं तर त्याचं नाव राहतंय नं, सर?"

"राहतं, वहिनी. नाहीतर ते ढगळं झबलंच पुढे चालू."

नियम एकच: सारख्या लांबीच्या फाइलींना सारखाच वेळ लागला पाहिजे. माझ्या मशीनवरच्या दहा फाइली न बघता उचलल्या, एका लांबीच्या कापल्या. नऊंना चार-चार मिलिसेकंद. दहावीला चाळीस.

पुन्हा चालवलं. नव्वद. फाइलीचं नाव बदललं, क्रम बदलला, दुसऱ्या मशीनवर नेली. तीन सेकंद. मला खुर्चीत बसवेना. उठलो, एसी बंद केला, परत चालू केला. कुठूनतरी इस्त्रीखाली ओलं कापड करपल्याचा वास येत होता…

"थांबतोय तो," लावण्या हळूच म्हणाली. "नोडी, बघा सर… वाचतोय."

"हॅशला वाचता येत नाही, वहिनी."

"काय आहे फाइलीत?"

"बाजाराची यादी. मोगरा, विड्याची पानं, रसबाळे केळी."

"मग केळ्यांपाशीच अडला असेल." ती हसली आणि पदरानं डोळे टिपले.

पाचाला दहा कमी होते. मी ती फाइल काढून टाकली. उरलेल्या नऊ पास. निकाल पाठवला, नरहरीचं नाव कर्नेलात गेलं.

आता रचलेली जागा. ती यादी नव्हती. मी लावण्याला लिहिलेलं, कधीच न दिलेलं पत्र होतं. त्यात कबुली होती: अपघाताच्या दिवशी नंजनगूडच्या कारखान्यात जायची पाळी माझी होती. ताप आलाय अशी मी थाप मारली, आणि माझ्याऐवजी नरहरी गेला. पत्र तिथंच कायमचं पुसलं; लावण्यानं उघडलेलं नव्हतं.

बाकी सगळं खरं. काल ती जिन्यात भेटली. मला कायम सर म्हणणारी बाई.

"ताप उतरला का रे… त्र्यंबक्या?"

आणि वर निघून गेली. मला त्र्यंबक्या म्हणणारा या गावात एकच माणूस होता.