मीनाबाईंची पार्सलं

मंगळवार पेठेतल्या तेजस्वी इंगवलेच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात गुन्हे फारसे येत नसत, लग्नं येत. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरलं होतं का, एवढंच लोकांना हवं असे. त्यामुळे तिचे मामा आणि एकमेव कर्मचारी आकाराम यांनी दारातल्या बाईंना सवयीनं विचारलं, "मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलाची आई हाय," मीनाबाई कांबळे म्हणाल्या. "माझा प्रसेनजीत कुठं हाय, तेवढं सांगा."

दिवाळीनंतर तो घरातून गेला, तो गेलाच. फोन बंद. मग पार्सलं यायला लागली. पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचं नाव, पैसे भरलेले. पोरगं कुठंतरी नीट आहे, रुसलंय, पण आईला विसरलेलं नाही, असा त्यांनी अर्थ लावला होता. ठिकाण कळलं की त्या स्वतः जाणार होत्या, समजूत काढायला. पोलिसांचं विचारलं तर म्हणाल्या, "त्यांचं आता काय काम न्हाय."

पिशवीतून तीन खोकी निघाली. कुरुंदवाडचा गूळ, लोणचं, आणि सत्यनारायणाच्या पूजेचं साहित्य. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांची. तिन्हींवर हळदकुंकवाचं बोट, आणि तिन्हींवर ऑर्डर क्रमांक एक.

"पूजेचं?" तेजस्वीनं विचारलं.

"आम्ही बौद्ध. घाईत चुकीचं बटन दाबलं असंल." तरी त्यांनी ते खोकं पदरानं पुसलं.

आकारामांचा संशय लगेच मीनाबाईंच्या दिरावर बसला. वहिनीची दया येऊन तोच गुपचूप पाठवत असणार. आकारामांचा संशय नेहमीच लगेच बसे. उठायला मात्र वेळ लागे.

गडमुडशिंगीला दीर भाऊसो म्हशीची धार काढता काढताच बोलले. वहिनीला द्यायचं तर ते दर रविवारी दुधाचा कॅन घेऊन जातच होते, खोकी कशाला धाडतील? खोक्यावरच्या लेबलातला पत्ता वाचून मात्र ते थांबले. "झेरॉक्सच्या दुकानाशेजारी? त्यो झेरॉक्सवाला गेल्या वर्षी पाडव्यालाच उठला की. सामान हलवायला आमचा प्रसेनजीतच गेलता."

परतताना आकारामांनी निष्कर्ष काढला की पत्ता चुकलाय म्हणजे पाठवणारा परका आहे.

"परका नाही मामा," तेजस्वी म्हणाली. "पत्ता जुना आहे."

प्रसेनजीत नोकरीला होता ती कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि भिंतीवर जगाचा नकाशा. मालक राजवीर जाधव उत्साहात होते. छोट्या दुकानांनी आपल्या वेबसाइटवर बसवायचं, पैसे घेणारं एक टूल त्यांनी बनवलं होतं. आता खरेदीला माणसं स्वतः येत नाहीत, त्यांचे एआय एजंट येतात. म्हणून हे टूल कसं वापरायचं ते एजंटांना समजावणारी माहिती लिहायला प्रसेनजीतला घेतलेलं. माणसं वाचत नाहीत. एजंट मात्र शब्दनशब्द वाचतो आणि लिहिलंय तसंच करतो, असं ते कौतुकानं म्हणाले. नवं दुकान जोडलं की त्याचा एजंट आधी चाचणीची खरेदी करतो, पैसे खरे जात नाहीत.

"मग प्रसेनजीतला काढलंत का?"

"लिहून संपलं ना," राजवीर म्हणाले. दिवाळीचा बोनस देऊनच त्याला मोकळं केलं होतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आता आकारामांचा संशय प्रसेनजीतच्या शेजारी बसणाऱ्या शिवानीवर गेला, कारण ती रडली. तिला पार्सलांचं काहीच माहीत नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच, की उदाहरणात कुठला पत्ता लिहावा यावर तो अडला होता. खोटा पत्ता टूल नाकारायचं. शेवटी काय लिहिलं ते त्यानं सांगितलं नाही, नुसता हसला.

जिन्यातच तेजस्वीनं कुरुंदवाडच्या गूळवाल्या आण्णांना फोन लावला. आकारामांना एकच वाक्य ऐकू आलं. "आण्णा, कुंकू तुम्हीच लावलं का?"

संध्याकाळी तेजस्वीनं बोलावलेले राजवीर, शिवानी, भाऊसो असे सगळे मीनाबाईंच्या खोलीत बसले. चहा झाला. तेजस्वीनं कप खाली ठेवला.

"मावशी, पार्सलं कुणीच पाठवली नाहीत. उदाहरणाला खरा पत्ता हवा होता, म्हणून प्रसेनजीतनं तुमचा घातला. तेव्हा झेरॉक्सचं दुकान होतं. उदाहरण म्हणजे उदाहरण, हे माणसाला कळतं. एजंटानं तोच पत्ता उचलला. प्रत्येक नव्या दुकानाची चाचणीची खरेदी तुमच्या नावानं झाली."

"पण चाचणीचा माल पाठवायचा नसतो," राजवीर म्हणाले. "तसं स्पष्ट लिहिलंय."

"एजंटांसाठी लिहिलंय. दुकानदार माणसं आहेत." आण्णांना चाचणी आहे हे ठाऊक होतं. पण दुकानाची पहिलीच ऑर्डर; बोहणी. ती परत फिरवायला त्यांचा हात धजला नाही. कुंकू लावून पाठवून दिली. "बाकीच्यांनीही तेच केलं असणार. म्हणून सगळीकडे क्रमांक एक आणि कुंकवाचं बोट. आणि बौद्धाच्या घरी सत्यनारायण. तुमच्या मुलानं ते कधीच पाठवलं नसतं."

राजवीरांनी आत्ताच पत्ता बदलतो म्हणत फोन काढला. शिवानीनं तो त्यांच्या हातातून घेऊन पालथा ठेवला.

"म्हंजे ह्यातलं एकबी त्यानं धाडलं न्हाय," मीनाबाई म्हणाल्या.

"नाही."

"आन त्याची नोकरी गेलती."

"हो."

मीनाबाईंनी पुढ्यातलं खोकं बाजूला सारलं. "पहिलं पार्सल आलं तवा मी चौकीत गेलते. पोरगं बरं हाय, शोधू नका म्हटलं. साहेब थांबा म्हणत हुते. मीच सही करून तक्रार मागं घेतली."

भाऊसोंनी तोंडावर टॉवेल धरला.   आकाराम उठले आणि रिक्षा बघायला गेले.

चौकीत हवालदारानं सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं. नाव, वय, उंची. मग, शेवटची गाठ कधी पडली?

"दिवाळी झाल्यावर," मीनाबाई म्हणाल्या. "सकाळी कामाला म्हणून निघाला. घोटभर च्या घे म्हटलं, तर बोलंना. मला राग आला. म्हटलं, जा तसाच."