डुबुक! आणि एक चिंचोका

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कुंडल गावाला चला. साल १९४६, नाताळची सुट्टी. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळणाऱ्या उसाच्या रसाचा वास नाकात शिरला ना? मग तुम्ही गुऱ्हाळावर पोचलात! बैलजोडी गोल फिरते आहे, चरकातून रस गळतो आहे. आणि ती पाहा, कमरेवर हात ठेवून उभी असलेली बारा वर्षांची शालू. भलतीच वैतागली आहे!

कारणही तसंच होतं. "पाखऱ्याला आष्ट्याच्या येत्या बाजारात विकाय काढायचा!" तिचे आजोबा आप्पासो गरजले होते. "दिवसाला तीन काहिली गूळ निघायचा, यंदा दोनच! तोडलेला ऊस वाळाय लागला. बैल म्हातारा झालाय!"

"आवं आबा, पाखऱ्याचंच चुकतंय कशावरनं?" शालूने विचारलं.

"मग काय माझं चुकतंय?"

गूळ रांधणारा ज्ञानू म्हणाला, "जळण ओलं हाय." बैल हाकणारा बिराप्पा म्हणाला, "उसाच्या मोळ्याच येळंवर येत न्हाईत."

"तीन माणसं, तीन अंदाज!" शालूने कपाळावर हात मारला. "मोजलंय का कुणी? आबा, उद्याचा एक दिवस द्या मला!"

"घे. पर पोरखेळ करून काम अडवायचं न्हाई!"

पाखऱ्याच्या पाठीवर बसून शालू चालायला शिकण्याआधीच रान हिंडली होती. तो विकला जाणार? छे!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाऊ गुंडा आणि आतेभाऊ नाथा यांना बादलीपाशी बसवलं. हातात तळाला बारीक भोक पाडलेली करवंटी.

"लग्नात मुहूर्ताला भटजी भोकाची वाटी पाण्यात सोडतात ना? तसंच! करवंटी बुडाली की नाथा ओरडेल. तेव्हा बैल काय करताहेत ते मी बघणार आणि मातीत आखलेल्या त्या-त्या कामाच्या चौकोनात एक चिंचोका टाकणार."

"आणि मधल्या वेळेत काय झालं ते?" गुंडाने विचारलं.

"अरे, जे जास्त वेळ चालतं, तेच जास्त वेळा सापडतं!"

"डुबुक!" नाथा ओरडला. बैल चालत होते. पहिल्या चौकोनात चिंचोका.

"डुबुक!" मोळीची वाट पाहणं. दुसऱ्या चौकोनात.

इतक्यात रस्त्यावरून गावातले नानासो आले. "थांबीव रं बिराप्पा!" आप्पासोंनी हात वर केला. "गुऱ्हाळावरनं कुणी कोरड्या तोंडानं जायचं न्हाई!" चरक थांबला. पाहुण्यासाठी निवडक ऊस आला, आलं आलं, ताजा रस तांब्यात पडला. मग आप्पासोंनी पलटणीतली, इजिप्तमधल्या उंटाची गोष्ट काढली. "आमी मिसरात हुतो तवा..." बिराप्पाही आ वासून ऐकत राहिला.

"डुबुक!" ... "डुबुक!" ... "डुबुक!"

"अगं, उंट अजून उठलासुद्धा न्हाई!" नाथा कुजबुजला.

यंदा रस्त्याने ये-जा वाढलेली; दिवसभरात असे सात पाहुणे आले. सातही वेळा तो उंट चिखलात रुतला!

संध्याकाळी शालूने आजोबांचा हात धरून त्यांना चौकोनांपाशी नेलं. "बघा आबा. बैल चालताना पस्तीस चिंचोके. मोळीची वाट बघताना चार. पाखऱ्या अडला, तो हा एकच!"

"आणि ह्यो एवढा ढीग?"

"बावीस. हा तुमच्या उंटाचा!"

ज्ञानू फिसकन हसला. आप्पासोंच्या मिशा थरथरल्या. "म्हंजे पाहुण्यांना रस पाजायचा न्हाई?"

"पाजायचा की! सकाळीच आलं घालून माठभर रस काढून ठेवू. तो वाटेवर ठेवायचा, गोष्टही तिथंच सांगायची. चरक इकडं चालू राहील."

"ठीक हाय. उद्या तिसरी काहील निघाली, तर पाखऱ्या दावणीलाच ऱ्हाईल!"

दुसऱ्या दिवशी माठ वाटेवर गेला. पाहुणे तृप्त झाले, उंट रुतला, बैल फिरत राहिले. दिवे लागायच्या आत ज्ञानूने आरोळी दिली, "तिसरी उतरली!"

शालू धावत जाऊन चालत्या पाखऱ्याच्या गळ्यात पडली. बाजारासाठी आणलेली नवी कासरादोरी आप्पासोंनी खुंटीला टांगली.

"शाबास गं पोरी! सगळ्यांनी दोष बैलाला दिला, तू येळ हुडकलास! मिसरात आमचा एक साहेब हुता, तोबी असाच—अरं बिराप्पा, थांबीव जरा, हे ऐक!"

उरलेला ऊस संपवत फिरणारे बैल थांबले. नाथाने ओठ दाबून बादलीकडे पाहिलं.

शालूने दोन बोटांनी एक चिंचोका उचलला आणि गुपचूप आबांच्या ढिगात टाकला.