मालक कुठंयत?

हा प्रश्न मला आयुष्यात किती वेळा विचारला गेला, त्याची गणतीच नाही. पेट्रोल पंपावर, गॅरेजात, आरटीओच्या खिडकीशी. आमच्या मराठवाड्यात बाईच्या नवऱ्यालाही मालक म्हणतात आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाही मालकच. त्यामुळे मोटारसायकलवर बाई दिसली की हा एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी लागू पडतो, आणि दोन्ही बाजूंनी माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. पण ज्यानं तो पहिल्यांदा विचारला, त्याच्यावरचा राग काढायला मला अख्खा जन्म पुरला नाही.

साल एकोणऐंशी. थंडीचे दिवस. मी तेव्हा औरंगाबादहून खुलताबादच्या शाळेत गणित शिकवायला जायची, बाबांच्या जुन्या मोटारसायकलवर. बाबांना, म्हणजे नानासाहेबांना, डोळ्यांनी नीट दिसेना झालं तेव्हा त्यांनी गाडी सरळ माझ्या नावावर केली होती. गाडीवर सलवार-कमीज, आणि साडी पिशवीत. शाळेत पोचलं की ती नेसायची आणि सभ्य व्हायचं!

त्या सकाळी दौलताबादला, किल्ल्याच्या दरवाजातून रस्ता जातो ना, ऐन तिथं माझी गाडी बंद पडली. एका वेळी एकच वाहन मावेल एवढी ती जागा. समोरून कडब्यानं लादलेली बैलगाडी आत घुसलेली, आणि मागं एसटी. ड्रायव्हरनं हॉर्नवर जो हात ठेवला तो काढायलाच तयार नाही.

एसटीतून कंडक्टर उतरला. उंच, सावळा, खांद्याला चामडी पिशवी. इकडंतिकडं बघत मला म्हणाला,

"बाई, मालक कुठंयत?"

"कुणाचे?"

"तुमचे... म्हंजी, गाडीचे..."

"माझा मालक अजून जन्माला यायचाय," मी म्हणाले. "आणि गाडीची मालक मीच."

खिडक्यांतून डोकावणारी अख्खी बस हसली. हा मात्र हसला नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या त्याच्या... मला ते दिसलं, आणि दिसलं याचाच राग आला.

"ढकलू का?" त्यानं हळूच विचारलं.

"नको. ही पिशवी धरा."

माझ्या साडीची पिशवी छातीशी धरून तो उभा राहिला. बाबांनी शिकवलं होतं, गाडी बंद पडली की आधी प्लग बघायचा, लोकांची तोंडं मग. मी पाना काढला, प्लग खोलला, काळा पडलेला तो प्लग पॉलिश पेपरनं घासला, परत बसवला. तिसऱ्या किकला गाडी धडधडली. हात काळे, नाकावरही काळं लागलेलं असावं, कारण कंडक्टरची नजर तिथंच अडकली होती.

"काय बघताय?"

"काय नाय. लई..." तो थांबला. "लई भारी काम केलं, बाई."

बैलगाडीवाल्यानं बैल मागं सारले. कंडक्टर पळत बसमध्ये चढला आणि दोनदा दोरी ओढली. टिंग टिंग. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे मलाही ठाऊक होतं. पण डोकं बाहेर काढून तो ओरडला, "ही तुमच्यासाठी हाय, बाई! चला म्होरं!"

मेला मला चला म्हणणारा कोण?

त्याचं नाव बद्रीनाथ, गाव पिशोर, हे मला चौथ्या दिवशी कळलं. कारण रोज घाटात त्याची बस मला गाठायची, आणि बाजूनं जाताना हा हमखास घंटी वाजवायचा. टिंग टिंग. ड्रायव्हर पुंजाराम वैतागून गेले होते. "आरं, गाडी पळतीच हाय, अन् तू घंटी कामून मारतो?" मी वैतागल्यासारखं दाखवायची. एके दिवशी बस आलीच नाही, तर घाटाच्या वळणावर प्लग खराब नसताना मी प्लग काढून बसले. अर्धा तास!

खुलताबादच्या स्टँडवर तो पेरू घेऊन उभा राहायचा, तिखट-मीठ लावलेला.

"घ्या ना, बाई."

"हात काळे आहेत माझे."

"मंग मी धरतो. तुम्ही खावा."

"लोक बघतायत."

"बघू द्या. तुम्ही फटफटी चालवता तवा बघतच असत्यात की."

त्या पेरूची चव... जाऊ दे. सत्तरी गाठली मी, पण अजून सांगताना जीभ चाळवते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्याच्या घरची मंडळी आमच्याकडं आली. पोहे झाले, चहा झाला. बद्रीनाथचे चुलते काकासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाला. देणंघेणं काय नको. फकस्त ती फटफटी बद्रीच्या नावावर करा."

"कामून?" बाबांनी विचारलं.

"कामून म्हंजी? बायको म्होरं अन् नवरा मागं, बरं दिसंल का ते? मालक आमचा पोरगा व्हईल, गाडी बी त्याचीच. आमचा पोरगा झ्याक चालवील की."

त्याची आई भागूबाई पदर सावरत मान डोलावत होती. मी बद्रीनाथकडं पाहिलं. माझं सगळं बळ त्याच्या एका शब्दावर टांगलं होतं. तो बशीत चहा ओतत होता. ओतून झाला तरी बशीकडंच बघत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं रोज मला 'चला म्होरं' म्हणून घंटी दिली, त्याला आज मला मागं बसवायचं होतं? मी उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्याच्यासमोर पाटावर ठेवली.

"घ्या. दारात उभी आहे. आत्ता, सगळ्यांसमोर, चालवून न्या."

तो किल्लीकडं बघत राहिला. हात पुढं आला नाही. एवढंही धाडस नाही? मग मीच किल्ली उचलली, दार ओलांडलं आणि एका किकमध्ये निघाले. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. पैठणच्या रस्त्यानं धरणापर्यंत गेले आणि पाण्याकडं तोंड करून भरपूर रडले. संतापानं रडले, हे मी तेव्हाही सांगायचे, आताही सांगते. पण खरं सांगायचं तर तो माणूस मला हवा होता. आणि गाडीही हवी होती. दोन्हींतलं एक निवडायला लावणारे हे कोण टिकोजीराव?

दुसऱ्या दिवशी वाटेत मागून घंटी आली नाही. बस मात्र होती, मुकाट माझ्या मागं. मी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चालवत होते. दौलताबादच्या दरवाजात शिरले आणि घंटी वाजली.

टिंग. एकच.

बस थांबली. मीही थांबले; का थांबले, कोण जाणे. बद्रीनाथ उतरून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा.

"काल किल्ली कामून उचलली नाय, सांगू का?"

"मला ऐकायचं नाही."

"मला गाडी येत नाय."

"काय?"

"येतच नाय. सायकल बी येत नाय. पोरपणी एकदा पडलो, तवापासून धसका हाय. काका म्हणले झ्याक चालवील, अन् मला लाज वाटली. गप बसलो. चुकलं माझं. सांजच्याला घरी सगळं सांगून टाकलं. काका उठून गेले. जाऊ द्या. मला नावावर काय करायचं नाय, बाई. मला तर... तुमच्या मागंच बसायचंय. जल्मभर. बसू का, मालक?"

मालक! पहिल्यांदा तो शब्द कुणी माझ्यासाठी वापरला होता. अख्ख्या एसटीसमोर. राग कुठं ठेवावा तेच मला कळेना. डोळे भरून यायला लागले, आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी तोंड वाकडं करून हात पुढं केला.

"तिकीट?"

दिवसभर लोकांना हेच विचारणारा माणूस गडबडून स्वतःचेच खिसे चाचपायला लागला. बस खदखदून हसली. बसच्या दारातून पेरूवाल्या दगडाबाईंनी टोपलीतला एक पेरू त्याच्या अंगावर फेकला. "घे रं मुडद्या, हेच दे तिला तिकीट! अन् आवर लवकर, माझा बाजार बुडतोय!"

पेरू घेताना माझी काळी बोटं त्याच्या बोटांना लागली. मी सोडवून घेतली नाहीत.

लग्न झालं. नाव घे म्हणून बायका मागं लागल्या तेव्हा मी ठसक्यात घेतलं:

"पेट्रोलात ऑइल घातलं, टायरात भरली हवा,
बद्रीनाथराव मागं बसले, तुमचा जीव का जळावा?"

काकासाहेब वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढं एकदा तापानं फणफणले, गावात दुसरं वाहन नव्हतं, तेव्हा पिशोरहून शहरापर्यंत माझ्याच मागं बसून आले. उतरल्यावर म्हणाले, "खड्डा एक बी लागू दिला नाय पोरीनं." बस्स, तेवढंच. माफी वगैरे नाही. अजून येतो मला राग!

त्यानंतर माझ्या पाच मोटारसायकली झाल्या. बुलेटवर पोटुशी असताना बसते म्हणून अख्खी गल्ली ओरडली. गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलो की सेल्समन किल्ली ह्यांच्या हातात द्यायचे, आणि हे ती गरम तव्यासारखी माझ्याकडं सारायचे. "मालकांना द्या, मालकांना!" आता मुलगा म्हणतो, आई, पुरे, कार घे. का पुरे? गुडघे माझे आहेत की त्याचे?

परवाचीच गोष्ट. आम्ही दोघं खुलताबादला पेरू आणायला निघालो होतो. नाक्यावर एका तरुण पोलिसानं अडवलं. माझ्याकडं बघितलंही नाही, मागं बसलेल्या ह्यांना विचारलं, "काका, गाडीचे मालक तुम्हीच ना? कागद दाखवा."

माझा पारा चढला. शेहेचाळीस वर्षं! शेहेचाळीस वर्षांत ह्या गावाला एक साधी गोष्ट कळू नये? मी हेल्मेटची काच वर केली. त्याची चांगली हजेरी घ्यायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मागून शांत आवाज आला,

"नाय साहेब. मी निस्ता पॅसिंजर. मालक म्होरं बसल्यात."

पोलीस ओशाळला, हसला, कागद बघून म्हणाला, "जावा मावशी." माझे चार शब्द मात्र अजून तोंडातच होते, आणि ते ऐकवल्याशिवाय मी काही हलणार नव्हते. तेवढ्यात माझ्या खांद्यावर ह्यांचं बोट पडलं. दोनदा.

टिंग टिंग.

डबल घंटी झाली की थांबायचं नसतं. मी गियर टाकला.