जमिनीचा वाटा

"गिअरबॉक्सचं ऑइल पुढच्या महिन्यात बदलतो," असं तू आत्ता म्हणालास ना, रुबेन? बस खाली. नोर्का, तूही ये, ती ब्लँकेट घेऊन ये. रस्ता अडवायला दगड लावणारी मंडळी घरी जाऊन गरम सूप पिऊन झोपली, आणि आपण ड्रायव्हर लोक इथे रस्त्यावर कुडकुडतोय. सकाळी सहाशिवाय रस्ता काही उघडत नाही. तोवर एक सांगतो. ऐकीव नाही, माझ्या शेजारच्या घरातलं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, नोर्का.

वालेरियो कोल्केला तुम्ही पाहिलं नसेल. आता तो कुठे जात नाही. त्याचं अंगण माझ्या अंगणाला लागून. त्याच्याकडे एक पांढरी पिकअप होती, तिसऱ्या हाताची. मंगळवार-गुरुवार चीज आणि बटाटे भरून बाजारात न्यायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार मात्र वडिलांचे. वडील सातुर्निनो म्हणजे खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा ओरुरो शहरात नेऊन रक्त धुवून आणायचं, पहाटे सहाला मशीनवर नंबर. एक खेप चुकली की अंग सुजायचं, दोन चुकल्या की श्वास अडायचा. आमच्याकडून बस सुटते दुपारी बाराला. म्हणजे म्हाताऱ्याचा जीव त्या पिकअपमध्ये होता, इतकं ते सरळ होतं.

जुलैत तिसरा गिअर आपोआप बाहेर पडायला लागला. वालेरियो गेला आमच्या एराक्लियो मिस्तरीकडे. मीही होतो सोबत. एराक्लियोनं खाली झोपून बोल्ट काढला, बोट आत घातलं आणि ते वालेरियोच्या नाकाखाली धरलं.

"घे वास."

"जळका येतोय."

"नुसता जळका? अरे, हे ऑइल नाही, डांबर आहे. आधीच्या मालकानं कधी बदललं होतं?"

"त्यालाच ठाऊक."

"ब्रेकचं ऑइल काळ्या चहासारखं झालंय. रेडिएटरमध्ये पाणी कमी आणि गंज जास्त. सगळंच बदलायला हवं. रबरी सील शहरातून आणावी लागतील. दोन दिवस गाडी सोड माझ्याकडे."

"दोन दिवस कुठून आणू, मिस्तरी? रविवारी कर ना."

"रविवारी दुकान उघडायला सीलवाला माझा सासरा लागतो का?"

"बरं, सील राहू दे. नुसतं ऑइल बदल."

एराक्लियो उठून बसला. हात पुसत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू? त्याचीही भीती वाटते. इतक्या वर्षांचा गाळ दातांत बसलाय, तो गाळच आता दात धरून आहे. नवं ऑइल घातलं की तो धुऊन निघणार आणि गिअर घसरायला लागणार. आणि नाही बदललं, तर एक दिवस गाडी आपोआप अडणार."

"कुठल्या दिवशी?"

"ते तिला विचार."

वालेरियोनं माझ्याकडे पाहिलं. मी चाळीस वर्षं गाडी चालवलेला, मला विचारणार नाही तर कुणाला? मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "चालतेय ना? मग हात लावू नकोस. ऑगस्ट जाऊ दे, थंडी ओसरू दे, मग बघू." मोठ्या शहाणपणाचा आव आणून म्हणालो. 

घरी आल्यावर सातुर्निनोंनी खाटेवरून विचारलं, "काय म्हणाला रे मिस्तरी?" वालेरियोनं सांगितलं. म्हातारा हसला. "बघ, माझं रक्त आठवड्यातून तीनदा धुतात आणि तुझ्या गाडीचं तेल पाच वर्षांत एकदा नाही. तरी आमच्यात आधी कोण जाईल यावर पैज लावायची तर मी गाडीवर लावणार नाही."

"ताता, गप बसा हो," वालेरियो म्हणाला. तो बापाला ताताच म्हणायचा. असाच तो महिना गेला.

बावीस ऑगस्टची रात्र. गुरुवार उलटून शुक्रवार लागलेला. दीड वाजता दोघं निघाले. थंडी अशी की नळाचं पाणी दगड झालेलं. वालेरियोनं ताताला दोन ब्लँकेटांत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं. म्हातारा कोकाची पानं चघळत होता.  रोजचाच रस्ता, रोजचंच काम.

वायराकुंकाची खिंड तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या चढावर तिसरा गिअर सुटला. वालेरियोनं दुसरा टाकला. तोही सुटला. मग दांडा हातात नुसताच हलायला लागला. इंजिन ओरडतंय आणि चाक जागचं हलत नाही. त्यानं हँडब्रेक ओढला, घड्याळ पाहिलं. दोन वाजून पन्नास मिनिटं.

"आली का हिची वेळ?" ताता म्हणाला.

"आली."

पुढे डाव्या हाताला कंदील हलला.

तिथे एक रॅम्प आहे. म्हणजे होता. दगडाच्या दोन भिंती, त्यावर गाडी चढवायची आणि खाली शिरून ऑइल सोडायचं. माझ्या वडिलांच्या काळात लोक वापरायचे. नंतर ढासळला, गवत माजलं. वालेरियो त्याच्या शेजारून हजारदा गेला असेल. पण माणूस अडला की डोकं चालत नाही. कंदील दिसला, कानटोपी घातलेला माणूस दिसला, हातात पाना दिसला. त्याला वाटलं, देवच पावला.

माणूस म्हणाला, "ढकल."

त्या दोघांनी रॅम्पवर ढकलली. चढावर. ती गाडी... हलकी लागली, असं वालेरियो सांगतो. रिकाम्या हातगाडीइतकी.

माणूस खाली शिरला. बोल्ट काढला. ऑइल डब्यात पडायला लागलं. डबा भरला. त्यानं दुसरा लावला. तोही भरला. तिसरा लावला. रुबेन, तुझ्या गिअरबॉक्समध्ये किती मावतं? अडीच लिटर. फार तर तीन.

"एवढं कुठून येतंय?" वालेरियोनं विचारलं.

"वेळेवर काढलं नाही की साठतं," खालून आवाज आला.

मग ब्रेकचं काढलं. मग रेडिएटरचं. वालेरियो कंदील धरून उभा. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. ताताच्या तोंडातून निघत होती. त्या माणसाच्या नाही. हे त्याला तेव्हा दिसलं, पण... कळलं नंतर.

माणसानं नवा डबा फोडला. आणि थांबला.

"जमिनीचा वाटा?"

तुम्ही आजकालची पोरं विसरता म्हणून सांगतो. गाडीत नवं ऑइल घालायच्या आधी जमिनीला पाजायचं असतं. चार थेंब दारू, चार पानं. ऑगस्टात तर पाजायलाच हवं, या महिन्यात तिचं तोंड उघडं असतं. वालेरियोनं सीटखाली पाहिलं. बाटली नव्हती. घाईत घरीच राहिलेली. पानं ताताच्या तोंडात गेली होती, शेवटची.

"नाहीये काही."

"मग भरता येत नाही."

"मिस्तरी, सहाला नंबर आहे म्हाताऱ्याचा. येताना देईन. दुप्पट देईन."

 माणसाच्या हातात डबा तसाच. वारा पडला होता. तीन वाजून वीस.

मागे दार उघडल्याचा आवाज आला.

"वालेरियो, मला उतरव."

"ताता, थंडी आहे."

"उतरव म्हटलं ना."

त्यानं उतरवलं. कंदिलाजवळच्या दगडावर बसवलं. ब्लँकेट नीट केली.

"वाट्याचं मी बघतो," ताता म्हणाला.

"तुमच्याकडे काय आहे?"

"आहे. तू तुझ्या गाडीचं बघ."

माणसानं ताताकडे पाहिलं. मान हलवली. आणि भरायला लागला. शेवटच्या थेंबापर्यंत. बोल्ट आवळला, कापडानं पुसला. वालेरियो सांगतो, इतकं निगुतीनं काम करणारा मिस्तरी त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"वळणापर्यंत ने. परत आण. पातळी बघतो."

यात काय खोटं आहे सांगा? गिअरचं ऑइल बदललं की गाडी थोडी फिरवून आणायची आणि पातळी पुन्हा बघायची. कुठलाही मिस्तरी हेच सांगतो. तुम्हीही गेला असता. मीही गेलो असतो.

ताता म्हणाला, "जा. आणि तिसरा हळू टाक, रडवू नकोस तिला."

वालेरियो गेला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. पहिला, दुसरा, तिसरा. तो हसला. कित्येक महिन्यांत हसला नव्हता, गाडीत एकटाच मोठ्यानं हसला. वळणावर गाडी फिरवली. परत आला. चार मिनिटं. फार तर पाच.

कंदील नव्हता.

त्यानं दिवे मोठे केले. ढासळलेल्या दोन भिंती. त्यांत गवत. गवतावर बर्फाचा पांढरा थर. डबे नाहीत. सांडलेल्या ऑइलचा एक डाग नाही. आणि दगड... दगड रिकामा.

"ताता."

"ताता!"

त्या थरावर पाऊल नव्हतं, पोरांनो. एकही नाही. त्याचं स्वतःचंही नाही.

...

तीन दिवस आम्ही चाळीस माणसं शोधत होतो. मी होतो. पोलीस कुत्रं घेऊन आले. ज्या माणसाला खाटेपासून दारापर्यंत हात धरून न्यावं लागायचं, तो जाणार किती लांब? दऱ्या पाहिल्या, ओढे पाहिले, खाणीची जुनी बिळं पाहिली. ब्लँकेटचा धागासुद्धा मिळाला नाही. पोलिसांनी वालेरियोलाच उलटसुलट विचारलं. बापाचं काय केलंस? कंटाळला होतास का?  तो म्हणाला, "हो, मी सोडून गेलो त्यांना." एवढंच म्हणत राहिला. खिंडीतून वर-खाली, वर-खाली, गाडी घेऊन तोच सगळ्यांत जास्त फिरला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या शेजारी गाडीत बसलो होतो. स्टिअरिंगखाली दोऱ्यानं बांधलेलं कार्ड मला दिसलं. ऑइल बदलल्यावर मिस्तरी लोक बांधतात तसलं. गिअर, ब्रेक, रेडिएटर, सगळ्यांपुढे खूण. त्या रात्रीचं मीटर, दोन लाख सत्याऐंशी हजार सहाशे चौदा. त्याखाली पुढचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं. आणि गिऱ्हाइकाच्या सहीच्या जागी काळ्या तेलाचा अंगठा. अर्धाच. सातुर्निनोंच्या अंगठ्याचं टोक खाणीत तुटलं होतं.

वालेरियोनं तो ठसा पाहिला आणि कार्ड छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. बापानं सही केली होती. मुलाला कळू न देता, राजीखुशीनं. मला सांगा, अशा माणसाला काय म्हणून समजवायचं?  माझ्याकडे फक्त तो जुना सल्ला होता.

पुढचं ऑइल चाळीस हजारांनी बदला असं लिहितात, घाटात फार तर वीस हजारांनी. त्या कार्डावर लिहिलं होतं दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. म्हणजे तीनशे शहाऐंशी किलोमीटर. त्यातले तीनशे शोधण्यातच संपले होते.

एराक्लियोनं बोल्ट काढून पाहिला. आतलं ऑइल मधासारखं स्वच्छ. त्यानं वास घेतला, बोल्ट लावला आणि साबणानं तीनदा हात धुतले. "कुठल्या कंपनीचं आहे?" मी विचारलं. तो आत निघून गेला.

त्याच दिवशी वालेरियोनं गाडी अंगणात विटांवर चढवली. चारही चाकं काढली, विकून टाकली. बॅटरी काढून घरात दिव्याला लावली. चावी मी माझ्या हातानं विहिरीत टाकली. कारण त्याच्या घरात आता एकच माणूस उरलाय, आणि पुढच्या वेळी जमिनीचा वाटा कुणाचा, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. सहा वर्षं झाली. शहाऐंशी किलोमीटर शिल्लक ठेवून ती गाडी जागची हललेली नाही.

गेल्या रविवारी त्याला सूप द्यायला गेलो होतो. तो झोपला होता. मी अंगणात गेलो. का गेलो, माहीत नाही... काचेवरची धूळ पुसली. आत वाकून पाहिलं. विटा तशाच. चाकं नाहीत.

मीटरवर नऊ किलोमीटर उरलेत.